भिंतीवरचं केळं, कागदावरची विहीर

न्यूयॉर्कात एक केळं ५२ कोटी रुपयांना गेलं, ही बातमी आमच्या परभणीतल्या चहाच्या टपरीवर पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, “क्विंटलचा भाव की नगाचा?”

नगाचा होता.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरचा एक केळीवाला बशीत चहा ओतत होता. तो काही बोलला नाही. बशी मात्र खाली ठेवली.

नोव्हेंबर २०२४ मधली ही गोष्ट. सदबीज हे लिलावघर, मौरिझिओ कॅटेलान हा इटालियन कलावंत, ‘कॉमेडियन’ हे कृतीचं नाव. कृती म्हणजे भिंतीला चिकटपट्टीनं चिकटवलेलं एक केळं. ते ६२ लाख डॉलरला घेणाऱ्या क्रिप्टोशेठनी दहा दिवसांच्या आत हाँगकाँगला पत्रकार बोलावले आणि त्यांच्यासमोर केळं सोलून खाल्लं. एकादशी इतकी महाग आजवर कुणाला पडली नसेल.

लिलावातलं केळं त्याच दिवशी जवळच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला आणलेलं होतं. विकणारा बांगलादेशातून आलेला एक म्हातारा. आपल्या केळ्याचं पुढं काय झालं हे त्याला पत्रकारानं सांगितलं, तेव्हा तो रडला. कलासमीक्षा इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी केली असेल.

‘ह्यात काय, आमचं पोरगंही चिकटवेल,’ असं तुम्ही म्हणालातच. चिकटवेल की. मग त्याची आई दोन धपाटे घालून त्याच केळ्याची शिकरण करेल. न्यूयॉर्क आणि परभणीत फरक एवढाच, की तिकडे आईला कुणी विचारत नाही.

पण ५२ कोटींत शेठना मिळालं काय? केळं नव्हे. ते आठवड्यात काळं पडतं. मिळाला एक कागद. कृती अस्सल असल्याचा दाखला, आणि केळं किती उंचीवर, कसं लावायचं याच्या सूचना. सडलं की बाजारातून दुसरं आणा, कृती तीच. कागद ज्याच्याकडे, मालकी त्याची.

याला म्हणतात संकल्पनात्मक कला. पुण्या-मुंबईच्या लोकांना ती समजावायला दोन दिवसांची कार्यशाळा लागते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला दोन मिनिटं लागत नाहीत. जमीन बांधावर नसते, सातबाऱ्यावर असते, हे तो बापाकडून शिकलेला आहे.

पुढचा धडाही त्याचा पाठ आहे. २०२१ साली साल्वातोरे गाराऊ या इटालियन कलावंतानं एक अदृश्य शिल्प १५ हजार युरोंना विकलं. नाव ‘मी आहे’. शिल्प नाहीच. पाच बाय पाच फूट जागा मोकळी सोडायची आणि तिथं शिल्प आहे असं धरून चालायचं. जग थक्क झालं.

मराठवाडा झाला नाही. आमच्याकडे कागदावर विहिरी खोदल्या गेल्या, कागदावर त्यांना पाणी लागलं, आणि पुढच्या साली कागदावरच त्यांचा गाळ निघाला. त्यातल्या एकाही कलावंतानं कधी प्रसिद्धीची हाव धरली नाही.

जुन्या निजामी मुलखात एक म्हण होती : बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. तिच्यावर उतारा म्हणून आम्ही ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ मिरवू लागलो. यमक जुळलं, बाकी काही जुळवायची गरज उरली नाही.

कलेचा बाजार पहिल्या म्हणीवर चालतो. लिलावात बनी तो बनी. नाही तर चित्रकार कुठल्याशा शाळेत चित्रकलेचा तास घेतो, आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो तास मागून घेतात.

त्या तासाचं महत्त्व मात्र अलीकडे वाढलं आहे. कलेवर अचानक प्रेम जडलं म्हणून नव्हे. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी आली तर दहावीला ७ गुण जास्तीचे, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. एरवी रंगपेटी मागितली की ‘डॉक्टर व्हायचंय ना?’ म्हणणारे बाबा स्वतः पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन येतात. सात गुणांसाठी माणूस पिकासोही सहन करतो.

या परीक्षेत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक सुंदर प्रकार आहे. आठवणीतून चित्र काढायचं. विषय यावा ‘पाणवठा’. वर्गातली चाळीस मुलं चाळीस नद्या काढतात. मागं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, काठावर डोक्यावर घागर घेतलेली नऊवारीतली बाई. तेवढ्यात शाळेबाहेर टँकर येतो, आणि गाऊनवर ओढणी घेतलेल्या बाया प्लास्टिकच्या निळ्या घागरी घेऊन धावतात. ते एकही पोरगं काढत नाही. गाइडात ते चित्र नाही.

स्मरण दुसऱ्याचं, गुण आपले.

आणि हे पोरांनीच केलं तर चूक. मोठ्यांच्या बाजारात गाव असंच विकलं जातं. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेननी १९५४ साली ‘ग्राम यात्रा’ रंगवलं. जवळपास चौदा फूट लांब, खेड्यातल्या जगण्याची तेरा दृश्यं. ते कुठं टांगलं होतं? नॉर्वेत, ऑस्लोच्या एका इस्पितळात, कित्येक दशकं. मार्च २०२५ मध्ये विकलं कुठं गेलं? न्यूयॉर्कला. ११८ कोटींच्या वर. गावाची यात्रा झाली खरी. गाव तेवढं राहून गेलं.

हुसेन तरी मुळात सिनेमाचे फलक रंगवणारे. तो धंदा आमच्याकडेही होता. पेंटर लोक दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरची नंबरप्लेट आणि भिंतीवरचं ‘मुलगी शिकली’ एकाच ब्रशनं करायचे. खाली सही, सहीखाली मोबाईल नंबर. प्रेक्षकाशी संवाद साधण्याची याहून सरळ पद्धत दर दोन वर्षांनी कलेची जत्रा भरवणाऱ्या बिनालेवाल्यांनाही अजून सापडलेली नाही.

मग फ्लेक्स आला. आता चौकातल्या सगळ्या चेहऱ्यांना एकच गोरा रंग आहे. ‘भावी’ हा एकच हुद्दा आहे. पेंटरनं निदान नाक जागेवर ठेवलं होतं.

चित्रकार आमच्याकडे बातमीत येतो तो चौरस फुटांनी. एवढ्या हजार चौरस फुटांची रांगोळी, तेवढ्या क्विंटल धान्याचं चित्र, विक्रमाचं प्रमाणपत्र, सत्कार. चित्र कसं होतं? मोठं होतं.

तिकडे मुंबई-दिल्लीत मात्र चित्र मोठं नसलं तरी चालतं, निवेदन मोठं लागतं. चित्राशेजारी चिकटवलेला इंग्रजी कागद. तो वाचून आपल्याला कळतं की समोरचं पोतं हे पोतं नसून ‘विस्थापनाच्या स्मृतीशी अवकाशाचा संवाद’ आहे. पोत्याला हे कळलं असतं तर त्यानं स्वतःला शिवून घेतलं असतं.

विचार मांडायला इंग्रजीच लागते, असंही कुणी कुणी गळ्यावर हात ठेवून सांगतं. प्रभाकर बरवेंचा ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये आला. मराठीत. चित्र सुचतं कसं, वस्तू आणि तिचा आकार मनात कुठं भेटतात, रिकाम्या कॅनव्हाससमोर माणसाचं काय होतं, हे त्या माणसानं आपल्या भाषेत, आवाज न चढवता लिहून ठेवलंय. विणकर सेवा केंद्रात नोकरी करणारा चित्रकार. निवेदनवाल्यांनी ते वाचलं असतं तर निवेदनं निम्म्यावर आली असती.

त्याच बरवेंच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या का गुंडाळल्या, असं विचारू लागले, तर त्यांना मध्येच थांबवलं. चित्रकारावर बोला म्हणाले. कॅनव्हास कोरा चालतो, भाषणही कोरंच हवं.

आणि शीर्षकाचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंडेंचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटींना गेलं. नाव? ‘अनटायटल्ड’. गायतोंडे वर्षाला पाच-सहा चित्रं करायचे, नावं ठेवत नसत, मुलाखतवाल्यांना उभं करत नसत. त्यांना माफ. त्यांच्याकडे शांतता होती, म्हणून शब्द नव्हते. पण त्यांच्यानंतरच्या निम्म्या लोकांनी शांतता सोडून फक्त ‘अनटायटल्ड’ उचललं. आमच्याकडे ज्वारीच्या वाणालासुद्धा नाव असतं. परभणी मोती. परभणी शक्ती. कृषी विद्यापीठानं ठेवलेली नावं कलादालनापेक्षा सरस असावीत, हे दुखणं कुणाला दाखवायचं?

मग सगळी समकालीन कला म्हणजे थोतांड?

अजिबात नाही. प्रभाकर पाचपुते पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे गाव, कोळसा खाणीत काम केलेल्यांचं घर. त्यानं चित्रं काढली कोळशानंच. खाणकामगाराच्या डोक्याच्या जागी दिवा. २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले, तेव्हा आपण त्यांच्या फुटलेल्या टाचांचे फोटो पुढं ढकलले आणि झोपलो. ह्या माणसानं ती चाल कोचीच्या बिनालेत भिंतभर उभी केली. इथं निवेदन लागत नाही. कोळसा काळा असतो, एवढं पुरतं.

किंवा तुषार जोग. २०१० मध्ये बुलेट घेऊन मुंबईहून शांघायच्या बिनालेकडे निघाला. वाट मुद्दाम वाकडी : सरदार सरोवर, चीनचं थ्री गॉर्जेस, म्हणजे धरणांनी उठवलेल्या माणसांच्या गावांवरून. गाडी सुटी करायची, पुन्हा जोडायची, हाही त्या कृतीचा भाग. आमचा गॅरेजवाला म्हणतो, “हे तर मी रोज करतो.” खरंय. पण येलदरी धरणाच्या पाण्याखाली कुणाचं गाव गेलं, हे विचारत तो कधी फिरला नाही. आपणही नाही.

विचार म्हणजे तेवढंच. नीट विचारलेला प्रश्न.

आपल्याकडचे कस्टमवाले मात्र प्रश्न विचारत बसत नाहीत. चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची सात कामं परदेशातून आणली, तर ती अश्लील म्हणून अडकवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की नग्न ते सगळं अश्लील नसतं. याच पदमसींना १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून अटक झाली होती, तेही सुटले होते. सत्तर वर्षांत निकाल तोच, खटलाही तोच.

गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरला गुप्तेश्वराच्या देवळावर सुरसुंदरी शतकानुशतकं उभ्या आहेत. कुणी आरशात बघतेय, कुणी नटतेय. आजवर एकाही भाविकाची भक्ती बिघडली नाही. नशीब, त्या आयात केलेल्या नाहीत.

आणि जिंतूरजवळ नेमगिरीला जा. जैन लेण्यांत पार्श्वनाथांची मोठी मूर्ती एका लहानशा दगडावर टेकलेली, जवळजवळ अधांतरी. हीच बिनालेत ठेवली असती तर शेजारी ‘गुरुत्वाकर्षणाचं राजकारण’ असं दोन पानी लटकलं असतं. नेमगिरीत लोक वाकून खाली बघतात, चकित होतात आणि हात जोडतात. मांडणशिल्प बघण्याची बरोबर रीत हीच.

एका गोष्टीवर मात्र तिरकस लिहिता येत नाही. परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढं संविधानाची प्रतिकृती होती. १० डिसेंबर २०२४ ला तिची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड. पकडलेल्यांपैकी कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. वस्तू महत्त्वाची की वस्तूमागचा विचार, यावर परिसंवाद होतात, शेवटी चहा-बिस्किटं असतात. आमच्या गावानं त्याचं उत्तर फार महाग दिलं.

पुढे.

चित्रं गावाकडे का येत नाहीत, हा प्रश्न फक्त आम्हालाच पडतो असं नाही. ठाण्याचे सुधीर पटवर्धन. कित्येक वर्षं दिवसा क्ष-किरणतज्ज्ञ, उरलेल्या वेळात लोकलमधली, कारखान्यातली, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवणारे. २००८-०९ च्या सुमाराला त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावानं आजच्या चित्रकारांची खरी चित्रं, छापील नव्हे, राज्यातल्या शहरांत फिरवली. नागपूर, तेव्हाचं औरंगाबाद वगैरे. औरंगाबाद म्हणजे आमच्यापासून दोनशे किलोमीटर. क्षितिज तिथवर विस्तारलं. दुसरी फेरी झाल्याचं माझ्या कानावर नाही.

आली असती तरी टांगली कुठं असती? आमच्याकडे मंगल कार्यालयं भरपूर. चित्रासाठी म्हणून बांधलेली भिंत माझ्या तरी पाहण्यात नाही. लग्नाच्या दोन तारखांच्या मधल्या गुरुवारी मांडता येईल. शनिवारी हळद आहे.

म्हणून काकांना मुंबईत चित्र दाखवावं लागलं. म्हणजे मी दाखवलं नाही, उन्हानं दाखवलं. एका सरकारी कचेरीत काम होतं. साहेब जेवायला गेलेले. कधी येतील ते शिपायालाही ठाऊक नाही. काका मानवतकडचे, धोतर-टोपी, हातात फायलीची पिशवी. फिरत फिरत जहांगीर लागलं. आत थंड वाटलं, म्हणून शिरलो.

दारात काकांनी चपला काढल्या.

“काका, राहू द्या, इथं चालतात.”

“देऊळ नाही का हे?”

“नाही.”

“मग एवढी शांतता कशाला?”

चपला तशाच दारात राहिल्या. समोर एक मोठा कॅनव्हास होता. करडा, तांबूस, मध्ये भेगांसारख्या काळ्या रेघा, खाली एका कोपऱ्यात चिमटीएवढा हिरवा. मी नेहमीप्रमाणे आधी शेजारचा कागद वाचायला गेलो. काकांना इंग्रजी येत नाही, त्यांनी चित्र बघितलं. बराच वेळ.

“दुसरा पाऊस झाला नाही इथं,” ते म्हणाले. “पेरणी वाया गेलेली आहे. हे कोपऱ्यातलं हिरवं म्हणजे बांधावरचं गवत.”

कागदावर ‘अनटायटल्ड’ लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. नाव नाही म्हणून.

“वारसाची नोंद झाली नसेल,” काका म्हणाले.

मग किंमत विचारली. साडेचार लाख. काकांनी मनात हिशेब केला. “एवढ्यात बोअर, मोटार आणि पाइपलाइन होते.” थोडं थांबले, परत चित्राकडे वळले. “पण रंग खरा लागलाय.” मग मला हळूच, “ह्यांचं शेत कुठल्या शिवारात?”

चित्रकार बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. मालाडच्या. शेत नव्हतं. बाल्कनीत दोन कुंड्या होत्या, म्हणाल्या, आणि काकांचं सगळं बोलणं त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या प्रदर्शनाच्या निवेदनात ते इंग्रजीत येईल. काकांचं नाव नसेल. अनटायटल्ड.

बाहेर आलो तर पहारेकरी चपलांकडे बघून हसत होता. त्याला सांगायचं राहून गेलं, की या देशातला सगळ्यात गाजलेला चित्रकार, तोच ‘ग्राम यात्रा’वाला, कित्येक दशकं अनवाणी हिंडला आणि त्यापायी त्याला मुंबईच्या एका क्लबनं दारातून परत पाठवलं होतं.

असो. देवगिरी एक्स्प्रेसला परभणीत बसलात की सकाळी सीएसएमटी. तिथून काळा घोड्यापर्यंत पायी वीस मिनिटं. जहांगीर अकराला उघडतं, तिकीट नाही. शेजारचा कागद शेवटी वाचा. चपला काढल्या तरी चालतं.